तुझ्या आईला म्हण

खण्णकन उलथनं तव्यावर आपटलं आणि सकाळपासून स्वयंपाकघरात दबा धरून बसलेली शांतता फुटली.

"सुजू, तुझ्या आईला म्हण, पाहुणी आली तर चार दिवसांनी जाती. ही कोर्टाचा शिक्का घेऊनच बसली."

चांगुणाबाई बोलल्या त्या तव्याकडं बघून. ओटा एकच, त्यावर शेगड्या दोन. एक सासूची, एक सुनेची. मधे धड एक परातही मावत नव्हती. ओट्यापाशी पालथ्या डब्यावर सहा वर्षांची सुजाता बसली होती आणि पायल तिची शाळेची वेणी घालत होती.

"सुजू, आजीला म्हण, पाहुणी न्हाई मी. ह्यांनीच बँड लावून आणलंय मला."

कंगवा जरा जोरात ओढला गेला. सुजूनं डोळे गच्च मिटले आणि उघडले. सुरुवातीला ती खरंच मान वळवून सांगायची, 'आजी, आई म्हणती...' आणि ऐकलेलंच दोघी पुन्हा ऐकायच्या. तिला तो खेळ वाटायचा. आता ती नुसती बसून राहायची.

पायलचा नवरा मिथुन वाळूजला कंपनीत गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. नवराच नाही तर सून कशाची, म्हणून सासऱ्यांनी, अण्णासाहेबांनी, पायलची पेटी ओसरीवर आणून ठेवली. भोकरदनला भावानं दारातच सांगितलं, सणासुदीला ये ताई, कायमची येऊ नको. मग कुणीतरी परतूरच्या कोर्टातलं विधी सेवा समितीचं दार दाखवलं. तिथं शिवकन्या वकील भेटल्या. फी घ्यायची नाही, हेच त्यांचं काम. त्यांनी भांडून आदेश मिळवला: मागची खोली, नहाणी आणि अर्धं स्वयंपाकघर. खोली कोर्टाला देता आली. बोलणं कुठून देणार? त्याच दिवशी घरात अबोला सुरू झाला.

आता अण्णासाहेबांनी आदेश रद्द करायचा अर्ज टाकला होता. सून उठताबसता शिवीगाळ करते, असं त्यात लिहिलं होतं. सासूबद्दल पायलनंही वकीलबाईंना तेच सांगितलं होतं. अर्ज मंजूर झाला, तर पेटी पुन्हा ओसरीवर येणार होती.

"सुजू, तुझ्या आईला म्हण, वकील फुकट, खोली फुकट. आता नवरा बी फुकट माग म्हणावं सरकारला."

"आजीला म्हण, नवरा फुकटच भेटल्ता. म्हणून तर टिकला न्हाई."

बाहेर कडी वाजली.

"जय भीम, गुरुजी."

विधी सेवा समितीच्या उषाबाई आल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात छत्री. ओसरीवर बसलेल्या अण्णासाहेबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"या. लोकांची घरं फोडायचा पगार बराबर भेटतो ना?"

"तुमच्या पेन्शनीएवढा बिलकुल न्हाई, गुरुजी."

उषाबाई सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि फरशीवर टेकल्या. पाणी कुणी विचारलं नाही. चांगुणाबाईंच्या देखत आपण पाणी दिलं तर दोघी मिळालेल्या आहेत असं कोर्टात सांगतील, म्हणून पायलही जागची हलली नाही.

"शुक्रवारी तारीख हाय. दोन्हीकडचं ऐकून ये म्हणल्या वकीलमॅडम. मावशी, तुम्ही सुनेला काय बोलता?"

"मी?" चांगुणाबाई गर्रकन वळल्या. "दिवाळीपासून तिच्याशी एक शब्द बोलले असंल तर जीभ झडंल माझी. विचारा तिलाच."

पायलनं मान डोलावली. खरंच होतं ते.

"अन् तू गं?"

"मी पण न्हाई बोलत त्यांच्याशी."

"मंग ह्या घरात शिवीगाळ कोण करून राह्यलं?" उषाबाईंनी एका शेगडीकडून दुसरीकडं पाहिलं.

"लेकराला विचारा," अण्णासाहेब दारात येऊन उभे राहिले होते. "मास्तरकी केली मी जन्मभर. लेकरू खोटं बोलत न्हाई."

विचाराच, पायलच्या मनात आलं. तिनं सुजूचे खांदे धरून तिला उषाबाईंकडं वळवलं. चांगुणाबाईंनीही पदर खोचला. नात आपल्याच बाजूची, याची दोघींनाही खात्री होती.

"सुजू, आजी तुझ्या आईला काय बोलती गं?"

"काईच न्हाई."

चांगुणाबाईंची हनुवटी वर झाली.

"अन् आई आजीला?"

"काईच न्हाई." सुजू रिबनीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दोघी मलाच बोलतेत."

"काय बोलतेत?"

सुजूनं शाळेत पाढे म्हणताना बांधतात तशी हाताची घडी घातली.

"लाज सोडली. घर गिळलं. तोंड काळं कर. नवरा का पळाला ते समद्या गावाला ठावं हाय. मेल्यावर पाणी बी पाजणार न्हाई. म्हातारीला किडे पडतील..."

शेवटची दोन वाक्यं पायलची होती. 'आजीला म्हण' हे शब्द पुढं नसताना ती पायलनं कधी ऐकली नव्हती.

तव्यावर भाकरी करपत होती. शेगडी कुणी बंद करेना. अण्णासाहेब दारातून कधी हलले ते कळलं नाही.

"बस, बाळा," म्हणत उषाबाई उठल्या. "पायल, मी तुझ्याकडून आले, पण हे ऐकलेलं मला गिळता यायचं न्हाई. मॅडमला हेच सांगीन. खोलीचं मंग काय व्हायचं ते होऊ दे."

त्या गेल्या. चांगुणाबाईंनी काळी भाकरी उतरवली. "सुजू, तुझ्या..." त्या म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या.

पायल खाली बसली. एक वेणी झाली होती, दुसरीचे केस मोकळेच होते. सुजू मान वर करून तिच्याकडं बघत होती.

"आई, तुला भेटला तसा मला पण भेटंल का वकील?"