पान्हवणं

आमच्या घरात हळू आवाजात गाण्याला 'पान्हवणं' म्हणतात. बाहेरची माणसं हसतात. म्हशीला पान्हवतात, माणसाला कसलं पान्हवायचं, म्हणतात. हसू देत. त्या गाण्यावाचून हे सांगायला मी उरलेच नसते.

निजामाच्या राज्यात, बीडच्या मुलखात तापाची साथ आली आणि मी तान्ही असताना आई त्यात गेली. माझं नाव थाटानं गंगासागर ठेवलेलं, पण पोटात घालायला बोळाभर दूध नव्हतं. दारातल्या म्हशीचं पारडू त्याच सुमाराला मेलं आणि तिनं पान्हा चोरला. साथीच्या धास्तीनं आमची पायरी कुणी चढेना, मग शेजारचं दूध कुठलं? धोंडीराम गड्यानं पेंड ठेवली, पाठ खाजवली, आचळ चोळून चोळून थकला. म्हैस आपली लाथ झाडून मोकळी.

माझे आजोबा रेवणप्पा. लिंगायत वाणी, कपाळभर भस्म, आणि शिस्त अशी की सुनेचा आवाज ओट्यापर्यंत आला तर भरल्या ताटावरून उठायचे. गाणं तर लांबच राहिलं. माझी काकू जगदेवी लग्न होऊन आल्यापासून त्या घरात कुजबुजतच जगत होती.

तिचं माहेर कपिलधारच्या अंगाला. तिथं पडत्या पाण्याचा आवाज सगळ्यावर पांघरूण घालतो, त्याच्याखाली बाया खुशाल गातात आणि कुणाला कळत नाही, असं ती सांगायची.

त्या दिवशी दिवेलागणीला माझं रडणं थांबलं. रडायचं बळच उरलं नव्हतं. काकू उठली, चरवी घेऊन गोठ्यात गेली, म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि ओठ मिटून गळ्यातल्या गळ्यात गाऊ लागली. शब्द नव्हते. शेणाचा ओला वास होता, कोनाड्यात मिणमिणती चिमणी होती आणि तो आवाज होता. म्हशीनं कान पाडले, डोळे अर्धे मिटले. चरवीत धार वाजली.

तेवढ्यात आजोबा दारात आले. काकूचा आवाज बंद झाला. धारही थांबली.

आजोबा उभेच राहिले. 'गा' म्हणायचं होतं त्यांना, पण तो शब्द त्या घरात सुनेला कुणी म्हटलेलाच नव्हता. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाले, "कावून थांबलीस? पान्हव की."

काकू पुन्हा सुरू झाली. मी जगले.

मग रोज तेच. मी रडले की ओट्यावरून हाक यायची, "जगदेवी, पोरीला पान्हव." पुढे म्हैस गेली, मी परकर नेसू लागले, शब्द मात्र घरात राहिला. संध्याकाळी चुलीपाशी काकू मिटल्या ओठांनी पान्हवायची आणि मला घर पाण्यावर तरंगतंय असं वाटायचं.

आजोबांनी शेवटचं अंथरूण धरलं तेव्हा मी जवळच होते. "पान्हव जरा," ते म्हणाले. काकू सवयीनं रस्त्याकडचं दार लोटायला उठली.

"राहू दे उघडं," आजोबा म्हणाले. "गा. मोठ्यानं गा. लई दिवस दाबून ठिवलं तुला."

काकूनं तोंड उघडलं. पण तिला शब्द आठवेनात. इतक्या वर्षांत ते कधीच विरून गेले होते. मला आजोबांचा राग आला आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघून कीवही आली.

काकूनं त्यांचं पांघरूण सारखं केलं, उशाशी बसली, ओठ मिटले आणि उघड्या दारात पान्हवू लागली.