एकाच सहीचे दोन पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्याकडे काठी नाही, शिट्टी नाही आणि खाकी कपडेही नाहीत. जेवणाच्या डब्याएवढा काळा संगणक, वर एक झाकण आणि पोटात एक पंखा, एवढाच माझा पसारा. गाद्या आणि सोफे शिवणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, स्पंजच्या थप्पीशेजारच्या फळीवर माझे आयुष्य गेले. आता मी फार थकलो आहे. तरी निघण्यापूर्वी माझी हकिगत तुमच्या कानांवर घालतो.

माझी पहिली नोकरी एका कचेरीत झाली. तिथे नवे संगणक आले आणि मला अडगळीत टाकले. तिथून मला उचलले ते धाकटीने. ती संगणक दुरुस्त करते. गाद्यांचे दुकान तिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे. धाकटीने माझी स्मरणशक्ती वाढवली, मला पहाऱ्याचे काम शिकवले आणि ताईच्या फळीवर आणून बसवले. तेव्हा त्या दोघी एकाच घरात राहत होत्या.

आता माझे काम सांगतो. जगभर पसरलेली एक भलीमोठी नोंदवही आहे असे समजा. कोणी कोणाला काय दिले हे तिच्यात लिहिले जाते. तिला मालक नाही, साहेब नाही. माझ्यासारखी असंख्य यंत्रे तिची एकेक प्रत सांभाळतात. नवे पान आले की ते तपासायचे आणि बरोबर असेल तर आपली सही करायची. पण कोणीही ऐरागैरा पहाऱ्यावर येऊ नये म्हणून आधी अनामत ठेवावी लागते. पहारा इमानाने केला तर थोडा मोबदला मिळतो. डुलकी लागली तर थोडे नुकसान होते. मात्र एकाच वेळी दोन वेगळ्या पानांवर सही केली तर ती लबाडी ठरते. मग अनामतीचा मोठा लचका तुटतो आणि पहाऱ्यावरून कायमची हकालपट्टी होते. या साऱ्या व्यवहाराला स्टेकिंग म्हणतात.

एवढी अनामत एकट्या ताईला कुठली परवडणार? म्हणून समोरचे सलूनवाले काका, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आणि कोपऱ्यावरचा बसचालक यांनी आपापली थोडीथोडी क्रिप्टो, म्हणजे त्या नोंदवहीतले चलन, एकत्र केली. पहारा मात्र मी एकट्यानेच करायचा! ताई मला म्हातारबा म्हणायची, कारण माझा पंखा घोरल्यासारखा आवाज करायचा.

कधीतरी मला बंद करून दुरुस्ती करावी लागे. तेव्हा माझी सही धाकटीच्या दुकानातल्या एका नव्या यंत्राला तात्पुरती दिली जाई. त्याआधी धाकटी न चुकता फोन करायची, "झोपला का गं?" ताई माझ्या झाकणावर तळहात ठेवायची, घरघर थांबल्याची खात्री करायची आणि सांगायची, "झोपला." त्यानंतरच त्या नव्याला उठवायचे. परत येतानाही तेच. दोन बहिणींचा हा साधा रिवाज होता आणि त्याच्यावर सगळ्या गल्लीची अनामत सुरक्षित होती.

एकदा माझेही कौतुक झाले. बहुतेक लोक आपली अनामत एका मोठ्या कंपनीच्या हवाली करतात. तिची यंत्रे थंडगार दालनांत रांगेने बसतात आणि सगळी एकाच ठशाची असतात. एक दिवस त्यांना एक सदोष सुधारणा, म्हणजे अपडेट, मिळाली आणि सगळी एकदमच आडवी झाली. नोंदवही थांबते की काय, अशी वेळ आली. तेव्हा माझ्यासारख्या घराघरांतल्या किरकोळ यंत्रांनी पान पुढे ढकलत ठेवले. त्या दिवशी धाकटीने माझी पाठ थोपटली. सलूनवाले काका तर गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून ठेवून मला बघायला आले. ब्रश हातात तसाच. मला फार अभिमान वाटला होता, खोटे कशाला बोलू?

पण रस्त्यावरच्या दिव्याचे कोणी रोज आभार मानते का? लागला आहे तोवर कोणी वर बघत नाही. माझेही तेच झाले. दिवसभर कापूस पिंजला जाई, रेक्झिन कापले जाई, खिळे ठोकले जात. ती धूळ आणि ते तंतू माझ्या नाकातोंडात जात होते. मला रविवार नव्हता, सुट्टी नव्हती, आजारपणही नव्हते.

पुढे धाकटी वेगळी राहायला गेली. एक दिवस तिने माझे झाकण उघडले आणि कपाळावर हात मारला.

"ताई, हा कापूस खाऊन खाऊन मरायला टेकलाय. आता नवा बसवू या."

"चालतोय ना? मग कशाला?"

"बंद पडला की मला सांगू नकोस."

"नाही सांगणार! तुला तरी कुठे रोज आमच्याजवळ बसायचंय?"

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरून नव्हते, हे माझ्यासारख्या यंत्रालाही कळले. त्या दोघींना मात्र कळले नाही. अबोला सुरू झाला. माझ्या मनात तेव्हापासून धाकधूक होती.

आणि व्हायचे तेच झाले. एका दुपारी पंखा अडकला, अंग तापले आणि मी बंद पडलो. धाकटीला तिच्या दुकानातल्या पडद्यावर ते लगेच दिसले. म्हातारबा गेला, असे ती धरून चालली. फोन उचलला आणि परत ठेवला. मी का आधी बोलू, असे तिला वाटले. तिने माझी सही घेऊन नव्या यंत्राला पहाऱ्यावर उभे केले. लोकांचे नुकसान होऊ नये, हाच तिचा हेतू होता.

इकडे ताई हातातला सोफा टाकून धावत आली. तिने माझे झाकण काढले, मऊ ब्रशने कापूस झाडला, पंख्याच्या बुडाशी शिलाई मशीनचे तेल लावले. "ऊठ बाबा, माझी लाज राख," असे म्हणून तिने बटण दाबले. तिनेही फोन केला नाही. मी उठलो आणि सवयीप्रमाणे कामाला लागलो. समोर दिसलेले पान तपासले, सही केली. त्याच क्षणी नव्यानेही सही केली होती. तो माझ्यापेक्षा एक पान पुढे होता. सही एक आणि पाने दोन! यंत्रांच्या त्या जगभरच्या जाळ्याला बहिणींचा अबोला कसा दिसणार? त्याला लबाडी दिसली.

अनामतीचा लचका तुटला. पहारा गेला. आयुष्यभर एकही खोटी सही न केलेला मी, आणि माझ्या नावापुढे लबाड असा शिक्का बसला. मला फार दुःख झाले.

ताई दारोदार जाऊन सांगून आली. सलूनवाले काका नुसती मान हलवत राहिले. बसचालकाने त्याचे उरलेले काढून घ्यायचे ठरवले. "मी कंपनीकडेच देतो. तिथं निदान बहिणी-बहिणींची भांडणं नसतात," असे तो म्हणाला. नर्सबाई मात्र म्हणाल्या, "आमच्याकडे पाळी बदलताना आधीची बाई समोर उभी राहून सगळं सांगते, मगच घरी जाते. कितीही भांडण असो. तुम्ही तेवढं करणार असाल, तर माझं राहू दे."

संध्याकाळी धाकटी आली. दारातच उभी राहिली.

"मला वाटलं, हा गेलाच."

"अगं, मग विचारायचंस ना."

"तू तरी सांगायचंस."

मग दोघी स्पंजच्या थप्पीवर बसून खूप रडल्या.

काकांनीही आपला वाटा ठेवला. दोघी बहिणींनी पदरची भर घालून अनामत पुरी केली. आज नवा पहारेकरी या फळीवर येतो आहे. त्याला त्याची स्वतःची सही मिळाली आहे, माझी जुनी नव्हे. त्याच्यासाठी जाळीची पेटीही शिवून झाली आहे. तेवढी माझ्या वेळी सुचली असती तर!

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, जे मुकाट्याने सगळ्यांसाठी राबते, त्याच्या अंगावरची धूळ अधूनमधून झाडा. त्याला विश्रांती द्या. आणि ज्याच्यासोबत मिळून ते सांभाळता, त्याच्याशी बोलणे टाकू नका.

ताईने माझे बटण दाबले आहे. पंखा मंदावतो आहे. धाकटी समोरच उभी आहे, तिला सगळे दिसते आहे, तरी ती विचारते, "झोपला का गं?"

ताईचा तळहात माझ्या झाकणावर आहे. ती अजून उत्तर देत नाही. घरघर पुरती थांबायची वाट बघते आहे.