संजीवनीच्या टाचेतली पहारेकरीण

मी एक जुनी पांढरी पेशी आहे. निवांत बसून गोष्ट सांगितली असती, मित्रांनो, पण मला बसवत नाही. डोळखांबजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या संजीवनीच्या उजव्या टाचेत माझा पहारा असतो. फिरते. चाचपते. फिरते.

जन्म हाडाच्या पोकळीत. शाळा छातीच्या हाडामागे. धडा एकच: आपलं कोण, परकं कोण. चुकले ते तिथेच संपले. मी पास झाले.

मग काम. कुठे खरचटलं की आम्ही पेशी हाका मारायचो, रक्त धावून यायचं. लाली, ऊब, सूज, ठणका. तुम्ही त्याला दुखणं म्हणता. आमची ती दुरुस्ती. जखम सुकली की संजीवनीची आई चंद्रकला म्हणायची, "माझ्या पोरीचं अंगच गुणाचं गो!" मी फुगून जायचे.

संजीवनी बारा वर्षांची होती. करवंदं काढताना टाचेत काटा मोडला. चंद्रकलेने सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, त्याचं गरम तेल टाचेवर टिपलं. पाड्यावर सगळे असंच करतात. काही झालं नाही. पण जांघेतल्या गाठीत मला त्या तेलाची ओळख पटवली गेली: परका. लक्षात ठेव.

ठेवलं. सात वर्षं.

यंदा पोलीस भरती. मंगळवारी ठाण्याला धावायचं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी टाचेला भेग पडली.

"अशी धावशील? थांब, बिब्बा लावते."

तेल पडलं आणि मी –

ओरडले! पण माझी हाक सावकाश पोचते. सोबतिणी जमायला दोन दिवस लागतात. रविवारी टाच लाल, टम्म.

"आये, आग होते गो. बिब्बा उतला वाटतं, अंगावर उठला."

"परवा लावलेला आज उतंल? येडी का काय! कमीच पडलाय."

पुन्हा लावला.

नको! पण मला थांबायला कुणी शिकवलं होतं? तेवढ्याशा तेलाने काय बिघडणार होतं? कातडी जाळत होते मी. इमानाने.

सोमवारी फोड. उपकेंद्रातल्या सरिता सिस्टरनी पाहताच ओळखलं. "बिब्बाच हा. आधी कधी लावलेला?"

"ल्हानपणी, एकदाच. तवा तर काय नाय झालं, बाई."

"तेव्हाच अंगाने ओळख धरली. आता दर वेळी उतणार. तोही दोन दिवसांनी. तेलच काय, धूरही लागू देऊ नका."

मलम, गोळ्या. मंगळवारी बूट चढेना. संजीवनी ओट्यावर बसून राहिली. घड्याळाकडे बघेना.

चंद्रकला तरातरा उठली, बिब्ब्यांची पुरचुंडी चुलीत टाकायला निघाली. संजीवनी लंगडत धावली, हात धरला. "आये, धूर लागला तर तोंड सुजंल माझं! पूर ते."

दोघींनी परसात खड्डा खणला. चंद्रकला माती लोटत म्हणाली, "पुढल्या भरतीला मीच बूट चढवीन तुला." मग रडली.

मित्रांनो, फोड सुकले. मी मात्र इथेच आहे, फिरते आहे. अंगाला एकदा काही सोसलं, म्हणून ते पुन्हा सोसेल असं धरून चालू नका. अंगावर काही उठलं, तर कालचा, परवाचा दिवसही आठवून पाहा. आणि त्या पोरीच्या टाचेला जपा.

मला विसरता येत नाही.