टप उतरवलेली गाडी

लग्नाला तीसएक वर्षं उलटून गेली, तरी सासऱ्यांच्या गल्लीत जावईबुवांना जावईबुवा याशिवाय दुसरं नाव मिळालं नाही. सासरे म्हणजे उस्ताद. बसच्या बॉड्या बांधायचा त्यांचा कारखाना होता. तरुणपणी त्यांनी भंगारातून एक भलीमोठी गाडी उचलली आणि तिचं रूप असं काही पालटलं, की लोक वाट वाकडी करून ती बघायला यायचे. टप वीतभर खाली उतरवलेला, मागे माशाच्या परांसारखे दोन उंच पंख, पुढचे दिवे झोपाळू डोळ्यांसारखे अर्धे झाकलेले. मासिकांत फोटो छापून आले. उस्ताद अंगाने बुटके. ते आत ऐटीत बसायचे आणि बाकीचे मान मोडून.

जावईबुवा मात्र ताडमाड, आणि विमा कंपनीत सर्व्हेअर. दुसऱ्यांच्या ठोकलेल्या गाड्यांभोवती फेरी मारून "हा पोचा आधीचाच आहे" असं म्हणण्यात त्यांची हयात गेली. उस्तादांना असला जावई पचणं कठीणच होतं. "आमच्या जावयाला गाडीतलं सगळं कळतं, फक्त ती मोडल्यावर," असं ते चारचौघांत म्हणायचे. चारचौघे हसायचे, जावईबुवाही हसायचे. पण ते वाक्य त्यांच्या घशात काट्यासारखं अडकून राहिलं. उस्ताद गेले तरी काटा गेला नाही.

जावईबुवा निवृत्त झाले आणि जुन्या गाड्यांच्या मंडळात जाऊन बसू लागले. तिथे एकदा त्यांनी सहज म्हणून गाडीचा जुना फोटो दाखवला. मंडळाचे अध्यक्ष चष्मा कपाळावर चढवून फोटोकडे बघत राहिले.

"अहो, हा तर वारसा आहे! गाडी अजून आहे?"

"आहे ना. शेडमध्ये. पण आता अशी दिसत नाही. नंतर टप उंच केला, रंग बदलला…"

"अरेरे! कोणी केलं हे पाप?"

पाप खुद्द उस्तादांनीच केलं होतं, हे जावईबुवांना माहीत होतं. ते म्हणाले, "घरच्यांनी."

"मग तुम्हीच तिला मूळ रूपात आणा. प्रदर्शनात मानाची जागा आपली!"

जावईबुवा घरी आले ते छाती दोन इंच पुढे काढून. उस्तादांचा खरा वारस कोण, हे एकदा जगाला कळायलाच हवं होतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबांची गाडी बाबांसारखी करायची म्हणून बाबांनी केलेलं काम कापायचं?"

"ती तडजोड होती. मूळ ते मूळ."

"तडजोड कसली? माझ्या पोटात ही होती," खाटेवरून सासूबाई बोलल्या. ऐंशी ओलांडली होती, पण जिभेला अजून धार होती. "आत बसले की गुडघे पोटाला आणि डोकं टपाला. मी म्हटलं, एक तर गाडी उंच करा, नाहीतर मी चालत जाते. चार दिवस फुगून बसले आणि पाचव्या दिवशी स्वतःच टप कापायला घेतला."

"आई, कलेच्या दृष्टीने बघायला हवं," जावईबुवा समजुतीच्या सुरात म्हणाले.

"मी आतून बघत होते. तुमची कला बाहेरून बघायची असते."

घरात बहुमत नव्हतं, म्हणून जावईबुवांनी घराला विचारणंच सोडलं. मेहुणा भला माणूस. त्याने शेडची किल्ली दिली आणि अंग काढून घेतलं.

कामाला एक डेंटर मिळाला. तो तोंडात सुपारी धरून बोलायचा आणि कशालाच नाही म्हणायचा नाही. पहिलं भांडण रंगावरून झालं. फोटो काळापांढरा. दारावर पॉलिशपेपर घासला तर पांढऱ्याखाली क्रीम, क्रीमखाली हिरवा, हिरव्याखाली जांभळा निघाला. सासूबाई म्हणाल्या हिरवा, मेहुण्याला लाल आठवत होता.

"साहेब, यातला मूळ कोणता?" डेंटरने विचारलं.

"सर्वांत खालचा. जांभळा."

डेंटरने आणखी घासलं. जांभळ्याखाली कंपनीचा मातकट करडा निघाला. जावईबुवांनी घाईघाईने त्याचा हात धरला. "बास! इतकं मुळात नको."

"जसं तुम्ही म्हणाल तसं मूळ," डेंटर म्हणाला.

टप कापायच्या दिवशी बायको शेडमध्ये आली. आतलं कापड उसवलेलं होतं आणि उस्तादांनी टप उंच करताना चारही खांबांत जोडलेले तुकडे उघडे पडले होते. जोड बोटाला लागत नव्हता. तिने एका खांबावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"हे बघितलंत?"

जावईबुवांनी बघितलं होतं. जन्मभर जोड शोधून काढणाऱ्या माणसाला हे कळणार नाही असं कसं होईल? मूळ कामातले सांधे ओबडधोबड, खड्डे बुजवायला वर लांबी फासलेली. हे मात्र शांत, पिकल्या हाताचं काम. पण अध्यक्षांनी आमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव छापलं होतं.

"फोटोत असं नाही," ते म्हणाले, आणि डेंटरला त्यांनी मानेने खूण केली.

कटर सुरू झाला तशी बायको निघून गेली.

गाडी तयार झाली आणि खरोखर देखणी दिसली. जांभळा रंग असा झळकत होता की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. फक्त जावईबुवा आत मावेनात. बसून बघितलं, वाकून बघितलं, डोकं खिडकीबाहेर काढून बघितलं. शेवटी सीटच काढून डिकीत टाकली आणि चादरीची चौघडी घालून तिच्यावर बसायचं ठरलं. प्रदर्शनाच्या मैदानात गाडी शिरली तेव्हा काचेतून फक्त एक कपाळ आणि स्टिअरिंगला लटकलेले दोन हात दिसत होते. फाटकावरच्या माणसाला वाटलं, गाडी कोणीतरी मागून ढकलत आणतंय.

जावईबुवा आधी हात, मग डोकं, मग उरलेले असे बाहेर आले. मान डावीकडे वळली होती, ती तशीच राहिली. तेवढ्यात तीन परीक्षक आले.

"टपाची उंची मुळाबरहुकूम नाही," पहिला म्हणाला.

"हीच मूळ आहे! हा फोटो बघा."

"कंपनीने अशी गाडी कधी काढलीच नाही."

"कंपनीने नाही हो, उस्तादांनी काढली!"

"म्हणजे ही बदललेली गाडी."

"बदललेली होतीच. ती नंतर बदलली होती, म्हणून मी ती बदलून पुन्हा आधीसारखी बदललेली केली!"

परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. "मग बदललेल्या गाड्या पलीकडे."

पलीकडे पोरसवदा मंडळींच्या गाड्या होत्या, खालून निळे दिवे आणि आतून कानठळ्या. तिथला परीक्षक म्हणाला, "काका, यात नवीन काय केलंय?" जावईबुवांनी वाकड्या मानेने अध्यक्षांना शोधलं. अध्यक्ष स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून बसले होते. आत बघण्यासारखं असं काही नव्हतं.

संध्याकाळी घरची मंडळीही बघायला आली, आणि बक्षिसं वाटली गेली. जावईबुवांना टायर स्वच्छ ठेवल्याबद्दल उत्तेजनार्थ मिळालं.

गाडी घरी न्यायची वेळ आली, पण मान काही सरळ होईना. मेहुणा त्यांच्याहून उंच. तेव्हा बायकोने हात पुढे केला.

"किल्ली."

"अगं, तुला कशी जमेल? ही साधी गाडी नव्हे."

तिने सीट परत बसवायला लावली, आत शिरली आणि ताठ बसली. वडिलांचीच उंची. डोक्यावर चार बोटं जागा उरली. मग सासूबाई काठी टेकत आल्या आणि शेजारी बसल्या. वयाने त्यांचीही उंची बरीच खाल्ली होती. त्यांनी वर बघितलं, पुढे बघितलं.

"आता बरी झाली गाडी," त्या म्हणाल्या. "तेव्हा मीच मोठी होते. चल गं, लांबच्या रस्त्याने घे."

जावईबुवांना मागे बसवायचा प्रश्नच नव्हता. मेहुण्याने त्यांना बसमध्ये चढवून दिलं आणि तो आपल्या वाटेने गेला. दोन थांबे गेले असतील, तोच सगळी बस उजव्या खिडक्यांकडे झुकली. जावईबुवांची मान डावीकडे. त्यांना काहीच दिसेना.

"काय आहे हो?"

"गाडी आहे! जांभळी! काय ऐट आहे!" शेजारचा म्हणाला. "कोणी बनवली असेल?"

जावईबुवांनी तोंड उघडलं. मी, असं म्हणायला आता कोण अडवत होतं? अध्यक्ष नव्हते, बायको नव्हती. क्षणभर तो शब्द जिभेवर आलाही.

"माझ्या सासऱ्यांनी," ते म्हणाले.

"वा! आणि चालवतेय ती?"

"त्यांची मुलगी."

"आणि शेजारी ती हसणारी आजी?"

"त्यांची बायको."

शेजाऱ्याने समाधानाने मान डोलावली. तुम्ही कोण, असं काही त्याने विचारलं नाही. तो पुन्हा खिडकीकडे वळला, आणि जावईबुवा डावीकडची बंद दुकानं बघत घरापर्यंत गेले.