उंबू तुंगूचं पांढरं डुक्कर

मुलीचा सासरा वारला, म्हणजे रीतीप्रमाणे मयताला कापड आणि डुक्कर घेऊन जाणं उंबू तुंगूला भागच होतं. कापड बायकोनं विणून ठेवलं होतं. घोळ डुकराचा होता.

घरामागच्या कुंपणात दोनच जनावरं. एक गावठी काळी डुकरीण, बुटकी, पोट जमिनीला टेकलेली. दुसरं परदेशी जातीचं पांढरं डुक्कर, विकतच्या खाद्यावर रेडकाएवढं झालेलं. त्याच्या जिवावर तुंगू गावभर बढाया मारत फिरे. दोघांना एकदमच ताप आला. काळी अन्न सोडून चिखलात पडून राहिली आणि मग उठून पुन्हा नाकानं जमीन उकरायला लागली. पांढरं मात्र फणफणलं. कान लालजांभळे झाले, मागचे पाय लटपटू लागले.

"अहो, नुसतं कापड न्या आणि खरं काय ते सांगा," बायको म्हणाली.

"म्हणजे व्याह्यांच्या मयताला तुंगू हात हलवत आला, नाहीतर ती बुटकी काळी घेऊन आला, असं म्हणू देत लोकांना?"

"आणि तिथल्या डुकरांना याचा रोग लागला तर?"

"उद्या कापणारच आहेत. तेवढ्यात काय होतंय! गप बस तू."

मुलीच्या अंगणात ट्रकमधून उतरवलं, तर डुक्कर उभंच राहीना. मुलीचे चुलतसासरे, उंबू मंगाना, सुपारीची टोपली घेऊन पुढे आले. त्यांची नजर डुकराच्या कानांवर गेली आणि तिथेच थबकली. पण मुलीच्या बापानं आणलेलं डुक्कर नको म्हणायचं, म्हणजे भर मयतात त्याच्या तोंडाला काळं फासायचं.

"प्रवासानं दमलंय बिचारं," ते म्हणाले. "पाणी पाजा. घराखाली सावलीत बांधा."

"हो ना, वाटेत फार हाल झाले त्याचे," तुंगू म्हणाला, आणि त्याला मान वर करवेना. हा भला माणूस त्याच्या अब्रूसाठी खोटं बोलत होता आणि तो स्वतः स्वतःसाठी.

घरातली दोन पोरं डुक्कर ओढत निघाली. खांबांवर उभ्या घराखाली काळ्या डुकरिणी लोळत होत्या. कोपऱ्यात एक पांढरी पिल्लांना पाजत होती. तुंगूच्याच बढाया ऐकून त्याच्या मुलीनं, इपूनं, ती घेतली होती. तुंगूला ते माहीत होतं. तरी त्यानं टोपलीतली सुपारी उचलून तोंडात टाकली.

रडणाऱ्या बायकांमधून इपू उठून आली. लांबूनच वाकून तिनं डुकराचे कान पाहिले.

"थांबा. याला ताप आहे."

"इपू, मोठी माणसं बोलतायत," तुंगू पुटपुटला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

उत्तराची वाट न बघता ती डुक्कर ओढणाऱ्या पोरांकडे वळली.

"आमच्यात नका बांधू हे. काळ्या झेलतील एक वेळ. आमची पांढरी पिल्लं नाही वाचायची."

आमच्यात! माहेरी असताना तिच्या तोंडी सगळं 'आपलं' असायचं. आपलं घर, आपली डुकरं. या 'आमच्या'त बाप नव्हता.

"अगं पोरी, पाहुण्यांचा मान..." मंगाना मध्ये पडले.

"ती खरं बोलतेय," तुंगू कसाबसा म्हणाला. "निघतानाच माहीत होतं मला. कुदळ द्या. गावाबाहेर नेऊन मारतो आणि पुरतो."

कोणी त्याला अडवलं नाही. इपूनं कुदळ आणली, पण हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली आणि मागे सरकली.

"पुरून झालं की तसेच घरी जा, बाबा," ती म्हणाली. "इकडे परत येऊ नका. तुमच्या पायांनीसुद्धा रोग येईल आमच्या डुकरांत."