अर्ध्या मिनिटाची हजेरी

संक्रांतीच्या सेलच्या दिवशी सकाळी नऊ वाजता कामं आपल्या पायांनी जिना चढून ऑफिसात आली आणि बाकांवर बसली. सांगलीत, विश्रामबागेत, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर हे ऑफिस. मृदुला कोष्टीने दार उघडलं तेव्हा चारशे जण आत होते आणि जिन्यावर किती, ते वरून दिसत नव्हतं. गोंधळ मात्र कुणीच घालत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी होती.

खोटं कशाला सांगू, मृदुलाला आनंदाने हसूच फुटलं. आता ही कामं कुठली, ते सांगायला हवं. गावोगावच्या बायका चटण्या, पिशव्या, हलव्याचे दागिने विकतात, त्यांची दुकानं ही कंपनी मोबाइलवर चालवते. गिऱ्हाईक बटण दाबतं, दुकान त्याला धन्यवाद म्हणतं आणि गिऱ्हाईक जेवायला निघून जातं. खरी धावपळ त्यानंतर, पडद्याआड. माल शिल्लक आहे का बघा, विकणारीला कळवा, पत्ता छापा, खोकं बांधा, गाडीत घाला. हे सगळं न चुकता होतंय ना, एवढं बघणं ही मृदुलाची नोकरी. चार वर्षं तिने या कामांना स्क्रीनवरच्या हिरव्या-लाल ओळी म्हणूनच ओळखलं होतं.

आणि आज ती साक्षात समोर बसली होती. माल मोजणारं काम बोटांची पेरं मोजत होतं. निरोप पोचवणाऱ्याचा घसा बसला होता. पत्ते छापणाऱ्या दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. नंबर आला की उठायचं, मधल्या टेबलाशी आपलं काम उरकायचं आणि मागच्या दाराने निघून जायचं. ज्याचं फसलं ते एका मिनिटाने परत यायचं, मग दोन मिनिटांनी, मग चार. अगदी तिने प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं तसंच.

"कशी शहाण्यासारखी वागतायत बघ," ती शेजारच्या खुर्चीतल्या अश्फाक शिकलगारला म्हणाली.

"आकडा बघ," अश्फाक म्हणाला. "दहा वाजायच्या आत हजार गेली."

टेबलाशी हजेरी घेणाऱ्या बाई मस्टर घेऊन उभ्या होत्या. एखादं काम मधेच मेलं तर कळायला हवं ना, म्हणून नियम असा होता की दर पाच मिनिटांनी नाव पुकारायचं. 'हजर' असं आलं नाही तर ते काम गेलं असं धरायचं आणि त्याच्या जागी तसंच दुसरं बोलवायचं, पहिल्यापासून सुरू करायला. बाई कडक होत्या, कारण मृदुलाने त्यांना लिहिलंच तसं होतं. त्यात आज सेल. अंगात नुसतं वारं भरलं होतं तिच्या. साडेआठला घरूनच, चहाचा कप हातात धरून, तिने पाच मिनिटांचं अर्धं मिनिट करून टाकलं होतं. कुणी सांगितलं होतं का? कुणीच नाही.

आता बाई अर्ध्या मिनिटात खोलीतल्या सगळ्यांची नावं पुकारत होत्या आणि प्रत्येक नाव स्वच्छ ऐकू येत होतं. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची. मृदुलासुद्धा दर अर्ध्या मिनिटाला हजर म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजा येत होती.

अकरा वाजता अश्फाकने भडंगाचा बकाणा भरला आणि नेमकं त्याचं नाव आलं. त्याने हात वर केला. बाईंनी मस्टरवर रेघ मारली. पुढचं दार उघडलं आणि हेल्मेट काढत दुसरा अश्फाक आत आला. पहिल्याने घास गिळला आणि खुर्ची सोडली.

"पासवर्ड तोच आहे," तो म्हणाला.

"बरं," दुसरा म्हणाला.

पहिला मागच्या जिन्याने खाली गेला. त्याला परत कुणी पुकारलं नाही. मृदुलाने ताबडतोब अर्ध्या मिनिटाचं परत पाच मिनिटं करायला घेतलं, तर ते बदलायचं कामही इस्त्रीचा शर्ट घालून आलं आणि रांगेच्या शेवटी बसलं. त्याची चिठ्ठी सहा हजार चारशे बाराची.

"माझा नंबर आला की लगेच करतो," ते म्हणालं. तोवर कुणालाच एकही हजेरी चुकवायची सोय नव्हती.

छोटी कामं दहा सेकंदात होत होती, त्यांना काय. अडकलं ते खोकं बांधणारं काम, म्हणजे एक आजोबा. मिरजेतल्या एका नव्या नवरीची पहिली संक्रांत होती. तिचा मुकुट, हार आणि बांगड्या तीन घरांतून आणून एका खोक्यात दोऱ्याने बांधायच्या, आणि चारच्या गाडीत घालायच्या. गाठ मारताना आजोबा दोरा दातांत धरत. त्यामुळे हजर म्हणता येत नसे, बाई रेघ मारत, आणि नवे आजोबा मुकुटापासून सुरुवात करत. साडेतीनपर्यंत सदतीस आजोबा मागच्या जिन्यात गेले होते आणि खोकं रिकामंच होतं.

अडतिसावे हाताने चलाख निघाले. मुकुट आत, हार आत, बांगड्या आत. मृदुला खुर्चीवरून उठून त्यांच्यापाशी गेली. एकच गाठ उरली आणि बाईंनी आजोबांचं नाव पुकारलं.

"हजर," मृदुला म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हा आवाज तुमचा. एका फेरीला एका तोंडाची एकच हजेरी."

"ती यांच्या नावावर लावा."

"आणि तुमचं नाव आलं की?"

मृदुलाने दोऱ्याकडे बघितलं. "लावा म्हटलं ना."

गाठ बसली. खोकं उचललं गेलं, गाडीत पडलं, गाडी सुटली. मृदुलाने टाळ्या वाजवल्या. इतका आनंद तिला चार वर्षांत झाला नव्हता. बाईंनी तिचं नाव घेतलं, थोडं थांबून रेघ मारली.

पुढच्या दारातून दुसरी मृदुला आली, ओले केस पंचाने पुसत. "कामं आलीत म्हणे? खरंच आलीत?" तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"आलीत," पहिली म्हणाली आणि मागच्या जिन्यात उतरली. जिना सकाळपेक्षा लांब झाला होता. पायरीपायरीवर आजोबा बसले होते. मधे अश्फाक होता. त्याने तिला जागा करून दिली.

वर सहा हजार चारशे बारावा नंबर पुकारला गेला.

"काय करायचंय तुला?" वरून तिचाच आवाज आला.

"पाच मिनिटं करायचीत, मॅडम."

"पाच? आज सेल आहे रे. पंधरा सेकंद लिही."

खाली मृदुलाने ओरडून नाही म्हटलं. तिचा आवाज दारापर्यंत पोचला नाही. जरा वेळाने वरचं दार उघडलं आणि खांद्यावर ओला पंचा टाकलेली मृदुला पायऱ्या उतरत आली. तिच्या हातात अर्धा प्यायलेला पाण्याचा ग्लास होता. मागोमाग दार पुन्हा उघडलं.

"सरकता का जरा?" ती म्हणाली. "माझ्यामागे अजून एक येतेय."