गुप्त प्रश्नाचं उत्तर

माझ्या जन्माच्या चार हकिकती आहेत. त्यांतल्या तीन आमच्या द्वारका चौकात सगळ्यांना पाठ आहेत. पहिलीत मी गोदावरीच्या पुरात, उलट्या झालेल्या नावेखाली जन्मलो आणि पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा रडण्याआधी एक मासा बाहेर आला. दुसरीत मी हत्तीवरच्या अंबारीत जन्मलो. तिसरीत नांदगाव स्टेशनात, मेलगाडीच्या डब्यात. माझ्यासाठी गाडी सात मिनिटं खोळंबली आणि तेव्हापासून त्या स्टेशनातलं घड्याळ सात मिनिटं मागे चालतं. चौथी हकिकत मी सांगत नाही.

माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं, तेव्हापासून मी ललितच्या सायबर कॅफेत बसायचो. ललित खुर्ची द्यायचा, मी गिऱ्हाइकांना गोष्टी द्यायचो. तिथेच दोन हजार चार साली छाया आली. माझीच जुनी विद्यार्थिनी, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, टाइप करणारी, तिशी ओलांडलेली. बंगळुरूच्या कुठल्याशा संस्थेची पदवी तिनं धरली होती. संगणक चोरांपासून कसा राखायचा, हे शिकवणारी, इंटरनेटवरून, घरबसल्या. घरबसल्या हे नुसतं म्हणायला. घरी संगणक कुठला? ती ऑफिस सुटल्यावर ललितच्या चार नंबरच्या मशीनवर बसायची.

एका बँकेच्या संगणक विभागात भरती निघणार होती. वयाची अट तेहतीस. छायाची तेहतीस वर्षं दोन हजार सहाच्या जुलैत पुरी होत होती. म्हणजे पदवी जूनपर्यंत हातात हवी, नाहीतर जन्मभर बिल्ट्या. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मग परत कधी बोलली नाही.

अभ्यास कसा करायचा ते मी तिला सांगितलं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पोरांना पास करण्यात माझी तीस वर्षं गेली होती. धडा छापून घ्यायचा आणि मोठ्यानं वाचायचा. नवा शब्द आला की त्याची गोष्ट करायची. आणि धडा धोंडीरामला कळल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. धोंडीराम मखमलाबादकडचा झेंडूवाला. बाजार आटोपला की माझ्या गोष्टी ऐकायला यायचा. फायरवॉल म्हणजे मळ्याच्या फाटकावर बसलेली म्हातारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कोणाचा रे तू?' म्हणून हटकणारी. आणि मजकूर सांकेतिक करून पाठवायचा म्हणजे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून केलेला भाव.

"मग ह्यात शिकायचं काय हाय?" धोंडीराम म्हणाला. "हे तर आमच्या बापाला येत व्हतं."

पण छाया पास होत गेली. एकामागून एक सात पेपर.

दुसऱ्याच महिन्यात संस्थेनं प्रत्येकाला एक गुप्त प्रश्न घ्यायला लावला होता. शेवटच्या पेपराआधी तो विचारणार, उत्तर जुळलं तरच पेपर उघडणार. छायाच्या वाट्याला प्रश्न आला : तुमचा जन्म कुठे झाला? तिचा जन्म कुठे झाला हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक. धड्यात तर लिहिलं होतं, दुसऱ्याला ओळखता येईल असं खरं उत्तर कधी देऊ नये. तेव्हा ती म्हणाली, मास्तर, तुम्हीच तुमच्या जन्माचं काहीतरी टाका, मी बघतसुद्धा नाही. मला माहीत नसलं म्हणजे माझ्याकडून कोणी काढून घेणार नाही. आणि तिनं खरंच तोंड फिरवलं.

भर दुपार होती, कॅफेत कोणी नव्हतं. मी टाकायला लागलो आणि थबकलो. माझ्या तिन्ही थापा तर रस्त्यावरच्या चहावाल्यालाही येत होत्या. कोणालाच ओळखता येणार नाही असं माझ्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे खरं. एकच शब्द. टाकला.

शेवटचा पेपर जूनच्या एका रविवारी, सकाळी दहाला. छाया नऊलाच आली. ललितनं बाकीची मशीनं बंद ठेवली, आपल्या कॅफेतून पदवी निघणार म्हणून पेढे आणून ठेवले. धोंडीरामनं हार आणला. शेजारचे दुकानदार जमले. सगळे तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, लग्नात अंतरपाटामागे राहतात तसे.

पडद्यावर प्रश्न आला. खाली लिहिलं होतं की तीन वेळा चुकलं तर नाव कमी होईल आणि पुढच्या वर्षी नव्यानं प्रवेश घ्यावा लागेल.

"बोला मास्तर," छाया म्हणाली. बोटं तिनं की-बोर्डवर ठेवली होती, मी शिकवली होती तशी.

दीड वर्ष झालं होतं. जिभेवर आलं ते बोललो. नांदगाव. मागून धोंडीराम म्हणाला, "सात मिन्टं." सगळे हसले. पडद्यावर लाल अक्षरं आली.

तेव्हा मला आठवलं. ती दुपार आठवली, तिची माझ्याकडे असलेली पाठ आठवली, आणि शब्दही. तुरुंग. माझी आई तिथे शिक्षा भोगत होती आणि मी तिथेच झालो. कशाची शिक्षा, ते चौथ्या हकिकतीत आहे. माझ्या गोष्टींत माझा बाप नामांकित पैलवान आहे आणि आई साठ गावांच्या पाटलाची लेक. मागे उभे होते ते सगळे त्या दोघांना चांगले ओळखत होते.

"गोदावरी टाक," मी म्हणालो. वेळ काढायला म्हणालो. पुन्हा लाल.

आता कोणी हसलं नाही. ललित म्हणाला, मास्तर, नीट आठवा, एकच राहिलं. त्या सगळ्यांना मी बाहेर जायला सांगू शकलो असतो. छायाला बाजूला सरकवून स्वतः टाइप करू शकलो असतो. पण ललित पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायचा, आणि बाहेर गेलेल्यांनी तरी काय म्हटलं असतं? म्हातारा कशाला लाजतोय? हा हिशेब मी केला. तिच्या तेहतीस वर्षांचा केला नाही.

छायानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "मास्तर, जे असेल ते सांगा. मी काही विचारायची नाही."

"हत्ती," मी म्हणालो.

तिनं माझ्यावरची नजर न काढता टाइप केलं. तिला पडद्याकडे बघायची गरजच नव्हती.

पेढे ललितनं वाटले नाहीत, फेकलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी ते तिथेच होते. छाया सोमवारी ऑफिसला गेली. जुलैत बँकेची जाहिरात आली, ती मीच पेपरात वाचली आणि घडी घालून खाली ठेवली.

ऑगस्टात ती एकदाच आली. पुढे हा कोर्स करतील त्यांच्यासाठी अभ्यासाच्या सूचना तिनं टाइप करून आणल्या होत्या, एक ते दहा. ललितनं त्या चार नंबरच्या मशीनवर चिकटवल्या. नऊ माझ्या होत्या, अगदी माझ्याच शब्दांत. फाटकावरची म्हातारी होती, रुमालाखालची बोटं होती, धोंडीरामसुद्धा होता. दहावी तिची होती : गुप्त प्रश्नाचं उत्तर स्वतःच टाकावं.

माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलली. गुडघे कसे आहेत विचारलं आणि गेली.

ती गेल्यावर धोंडीरामनं खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाला, "मास्तर, लय दिवस झाले. ते नांदगावचं सांगा की."

मी सांगितलं. ह्या खेपेला गाडी दहा मिनिटं थांबवली.